हिमोफिलियासाठी मूळपेशींमधून जनुकोपचार : केमोथेरपीची किंमत मोजावी का?

उत्तररात्र (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वय छत्तीस असून मला जन्मापासून तीव्र स्वरूपाचा हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ८ या प्रथिनाची माझ्या रक्तातील पातळी एक टक्क्याहूनही कमी आहे. उजवा गुडघा लहानपणीच्या वारंवार रक्तस्रावांमुळे आखडला आहे आणि डावा घोटाही त्याच वाटेवर आहे. गेली अनेक वर्षे मी ठरलेल्या दिवशी फॅक्टर टोचून घेतो. तरीही कधीतरी रात्री दोनच्या सुमारास घोट्यात ओळखीच्या मुंग्या येतात. सूज अजून दिसत नसते, वेदनाही सुरू झालेली नसते, पण आत रक्त उतरू लागले आहे हे कळते. मग फ्रीजमधून कुपी काढायची, पावडरमध्ये पाणी सोडायचे, फेस होऊ नये म्हणून कुपी न हलवता दोन तळव्यांमध्ये हळूहळू फिरवायची आणि दिव्याखाली शीर शोधायची. हे मी झोपेतही करू शकेन.

डिसेंबर २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. २२ ते ४१ वर्षे वयाच्या, तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या पाच जणांच्या स्वतःच्याच रक्तमूळपेशी काढून, त्यांत लेंटिव्हायरल वाहकाच्या, म्हणजे जनुक पेशीत नेऊन पोहोचवणाऱ्या बदललेल्या विषाणूच्या, साहाय्याने फॅक्टर ८ चे जनुक घालून त्या त्यांना परत देण्यात आल्या. पाचही जणांत उपचारानंतरचा वार्षिक रक्तस्रावाचा दर शून्य नोंदवला गेला. सर्वांचा पाठपुरावा एकत्र मोजला तर तो ८१ महिन्यांचा होतो. अहवाल वाचून मला रात्रभर झोप लागली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मात्र या पेशी शरीरात रुजाव्यात म्हणून आधी केमोथेरपी देऊन अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. माझा प्रश्न तेवढाच आहे. ज्या आजाराने मी आज मरत नाही, त्याच्यासाठी कर्करोगाच्या रुग्णाला देतात तसली औषधे घेणे कितपत योग्य आहे? यकृताकडे जाणारे, एका इंजेक्शनचे जनुकोपचार मंजूर झालेले असताना पेशींचा हा लांबचा रस्ता का धरावा? ज्यांना या विषयातले कळते किंवा ज्यांनी घरात हा आजार पाहिला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

प्रयोगवही

मी मूळपेशींवर प्रक्रिया करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे कोणी काय करावे हे सांगणार नाही. पण हा रस्ता लांबचा का आहे आणि तरी तो का धरला जातो, हे सांगू शकेन.

मंजूर झालेल्या जनुकोपचारांत एएव्ही नावाचा छोटा विषाणू वाहक म्हणून वापरतात. हिमोफिलिया ए साठीचे रॉक्टेव्हियन युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाले, तर हिमोफिलिया बी (ज्यात फॅक्टर ९ कमी असतो) साठीचे हेमजेनिक्स अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये. हा वाहक शिरेतून दिला की यकृतातील पेशींमध्ये जातो, पण त्याने नेलेले जनुक बहुतांशी गुणसूत्रात शिरत नाही, ते पेशीच्या केंद्रकात वेगळे पडून राहते. पेशी विभागली की ते जनुक दोन्ही पेशींकडे जाईलच असे नाही. लहान मुलाचे यकृत वाढत असते, म्हणून हे उपचार मुलांना दिले जात नाहीत. अनेकांच्या रक्तात एएव्हीविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच असतात, त्यांनाही ते बहुधा मिळत नाहीत. आणि एकदा हा वाहक घेतला की शरीर त्याला कायमचे ओळखते, त्यामुळे तोच डोस पुन्हा देता येत नाही.

आता आकाराचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एएव्हीच्या पोटात साधारण ४.७ हजार बेस, म्हणजे डीएनएची अक्षरे, मावतात. फॅक्टर ९ चे जनुक लहान असल्याने ते सहज बसते. फॅक्टर ८ चा संदेश मात्र सात हजारांच्या आसपास जातो. मधला बी-डोमेन नावाचा भाग वगळला तरी तो सुमारे ४.४ हजारांचा उरतो, आणि त्याच्या पुढे-मागे लागणारे, जनुक कुठे आणि किती चालावे हे ठरवणारे नियंत्रक तुकडे जोडले की गाठोडे तुंबते. शिवाय शरीर फॅक्टर ८ मुख्यतः यकृतातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींमध्ये बनवते आणि एएव्ही उपचारात ते काम यकृताच्या मुख्य पेशींवर टाकले जाते. त्या पेशी हे काम काही वर्षे करतात, पण रॉक्टेव्हियन घेतलेल्यांमध्ये पातळी वर्षागणिक उतरत गेल्याचे दिसले आहे. हिमोफिलिया बी मध्ये फॅक्टर ९ हे त्याच मुख्य पेशींचे नैसर्गिक काम असल्याने तिथली पातळी पुष्कळ जास्त स्थिर राहिली आहे. म्हणून 'जनुकोपचार किती टिकतो' या प्रश्नाचे ए आणि बी साठीचे उत्तर एकच नाही.

मूळपेशींचा रस्ता या अडचणींना वळसा घालतो. लेंटिव्हायरल वाहकात याच्या जवळपास दुप्पट मजकूर मावतो. तो गुणसूत्रात शिरून बसतो, त्यामुळे एका मूळपेशीत गेलेले जनुक तिच्यापासून पुढे आयुष्यभर तयार होणाऱ्या प्रत्येक रक्तपेशीत उतरते. प्रक्रिया शरीराबाहेर, प्रयोगशाळेत होत असल्यामुळे रक्तातील प्रतिपिंडे आड येत नाहीत. वेल्लोरच्या चाचणीतील रचनेत मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कुळातच जागा होणारा नियंत्रक वापरला आहे, आणि जनुकही थोडे बदललेले आहे: मानवी फॅक्टर ८ मध्ये डुकराच्या फॅक्टर ८ चे काही तुकडे बसवले आहेत, कारण तशा रचनेचे प्रथिन पेशीतून कितीतरी सहज बाहेर पडते. ही रचना अमेरिकेतील एमरी विद्यापीठातील संशोधकांच्या कामातून आली आहे.

प्रत्यक्ष काम असे चालते. रुग्णाला काही दिवस इंजेक्शने देऊन मज्जेतील मूळपेशी रक्तात उतरवतात. मग यंत्राला जोडून काही तास रक्त फिरवतात आणि त्यातून हव्या त्या पेशी वेगळ्या काढतात. आमच्याकडे पिशवी येते तेव्हा त्यात सगळे मिसळलेले असते, त्यातून चुंबकीय मण्यांच्या साहाय्याने सीडी३४ खूण असलेल्या पेशी, म्हणजे मूळपेशी, निवडून घेतो. त्या पोषक द्रवात ठेवून त्यांची वाहकाशी गाठ घालून देतात. पुढे त्या गोठवतात आणि निर्जंतुकतेच्या, तसेच प्रत्येक पेशीत जनुकाच्या सरासरी किती प्रती बसल्या याच्या चाचण्या पूर्ण होईपर्यंत रुग्णाला केमो सुरू करत नाहीत. हा क्रम उलटला आणि पेशी नापास झाल्या, तर मज्जा रिकामी झालेला माणूस परतीची वाट नसलेल्या जागी उभा राहील. पेशी परत देण्याचा दिवस मात्र बाहेरून पाहणाऱ्याला फार साधा वाटतो. कोमट पाण्यात वितळवलेली एक छोटी पिशवी, काही मिनिटांत शिरेत जाणारा फिकट लालसर द्रव, आणि गोठवण्यासाठी वापरलेल्या रसायनामुळे खोलीभर पसरणारा लसणासारखा वास, एवढेच.

चाचणीतील पहिल्या दोघांच्या पेशींना वाहक आत घेण्यास मदत करणारे द्रव्य वापरले नव्हते, पुढच्या तिघांच्या बाबतीत ते वापरले. त्या तिघांची पातळी सौम्य हिमोफिलियाच्या पट्ट्यात स्पष्टपणे पोहोचली, पहिल्या दोघांची पुष्कळ खाली राहिली. म्हणजे 'पाचही जणांचे रक्तस्राव थांबले' हे खरे असले, तरी पाचही जणांना सारखाच उपचार मिळाला असे समजू नये.

ओंजळ

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला तीव्र हिमोफिलिया ए असून वयाच्या दुसऱ्या वर्षीच इनहिबिटर निघाले, म्हणजे बाहेरून दिलेल्या फॅक्टरला त्याचे शरीर शत्रू समजून निकामी करते. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या साधारण चारांपैकी एकाला, कधी त्याहूनही अधिक जणांना, ही गुंतागुंत होते असे आम्हाला सांगण्यात आले होते.

प्रयोगवही ताई, तुमचे लिखाण वाचताना दोन ठिकाणी अडखळले. पहिले म्हणजे लेंटिव्हायरस हा एचआयव्हीपासून बनवलेला असतो ना? आमच्या घरात सासूबाईंसमोर हा शब्द उच्चारता येत नाही. त्यांचा भाऊ हिमोफिलियाचाच रुग्ण होता आणि ऐंशीच्या दशकात बाधित फॅक्टरमधून त्याला एचआयव्ही झाला. दुसरे असे की वेल्लोरच्या चाचणीत इनहिबिटर असलेले कोणी नव्हते, असे माझ्या वाचनात आले. मग माझ्या मुलासारख्यांसाठी या दिशेने काहीच नाही का?

प्रयोगवही

ओंजळ ताई, तुमच्या सासूबाईंच्या भीतीला मी गैरसमज म्हणणार नाही. त्या पिढीने जे भोगले ते खरे आहे आणि हिमोफिलियाच्या कुटुंबांशी बोलताना प्रत्येकाने ते आधी मान्य केले पाहिजे. लेंटिव्हायरल वाहक एचआयव्हीपासून बनवतात हेही खरे आहे. पण त्यात विषाणूची स्वतःची बहुतेक जनुके काढून टाकलेली असतात आणि वाहक तयार करण्यासाठी लागणारे भाग तीन-चार वेगवेगळ्या तुकड्यांत विभागून ठेवलेले असतात, जेणेकरून ते पुन्हा एकत्र जुळून जिवंत विषाणू बनू नये. गुणसूत्रात शिरण्याची त्याची कला तेवढी शिल्लक ठेवली जाते. प्रत्येक तुकडीत पुनरुत्पादनक्षम विषाणू नाही ना, हे तपासले जाते आणि रुग्णाचे रक्तही पुढे वर्षानुवर्षे त्यासाठी तपासत राहतात. एक व्यावहारिक गोष्ट मात्र घरात आधीच सांगून ठेवावी लागते: असा उपचार घेतलेल्या माणसाची एचआयव्हीची काही प्रकारची जनुकीय तपासणी खोटी सकारात्मक येऊ शकते, म्हणून त्याने जवळ तसे पत्र बाळगावे लागते.

इनहिबिटरबद्दलचे काम मला स्वतःला फार सुंदर वाटते. अमेरिकेतील मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमधील संशोधकांनी फॅक्टर ८ चे जनुक मूळपेशीत अशा नियंत्रकाच्या हाताखाली ठेवले की ते फक्त रक्तबिंबिकांमध्येच, म्हणजे प्लेटलेट्समध्ये, काम करेल. बिंबिकांच्या पोटात लहान कण असतात, त्यांत वॉन विलेब्रँड फॅक्टर (फॅक्टर ८ ला धरून सांभाळणारे प्रथिन) आधीपासून साठवलेला असतो, आणि हा नवा फॅक्टर ८ त्याच्याशेजारी जाऊन बसतो. रक्तात तो मोकळा फिरत नाही, त्यामुळे प्रतिपिंडांना सापडत नाही. जखम झाली की बिंबिका तिथे चिकटतात, आपले पोट रिते करतात आणि फॅक्टर नेमका हवा तिथे, हवा तेव्हा मिळतो. हिमोफिलिया ए असलेल्या तीन कुत्र्यांवरील त्यांचे काम २०१३ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात हा परिणाम किमान अडीच वर्षे टिकल्याचे नोंदवले आहे. माणसांतील पहिल्या टप्प्याची चाचणीही नोंदवली गेली. मात्र यातही मज्जेत जागा मोकळी करण्यासाठी औषधे लागतातच, आणि हे सगळे प्रौढांपासून सुरू होते. नऊ वर्षांच्या मुलाचा क्रमांक त्यात बराच उशिरा येईल.

आणखी एक सांगते. या उपचारात रक्तातील फॅक्टर ८ मोजायला गेले तर तो शून्याच्या आसपासच दिसतो, कारण तो बिंबिकांच्या आत असतो. 'पातळी किती आली' या आपल्या नेहमीच्या मोजपट्टीने त्याचा हिशेब होत नाही.

जुनीपाने

मी बासष्ट वर्षांचा आहे. मध्यम स्वरूपाचा हिमोफिलिया. ओंजळ यांच्या सासूबाईंच्या भावाबद्दल वाचून थांबलो, कारण माझा धाकटा भाऊ त्याच वाटेने गेला. त्या काळी फॅक्टरच्या कुप्या म्हणजे स्वातंत्र्य असे आम्हाला वाटत होते. हजारो दात्यांचे रक्तद्रव एकत्र करून ते औषध बनत असे आणि त्यातील एक दाता बाधित असला तरी पुरत असे. आम्हाला धोका सांगणारे कोणी नव्हते, किंवा ज्यांना ठाऊक होता त्यांनी तो वेळेवर सांगितला नाही. त्यामुळे कोणतीही नवी गोष्ट 'एकदाच घ्या आणि मोकळे व्हा' या शब्दांत समोर आली की माझा हात आखडतो.

उत्तररात्र, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते का हेही सांगतो. एमिसिझुमॅब हे औषध २०१७ मध्ये आले. ते त्वचेखाली घ्यायचे असते, आठवड्याला, पंधरवड्याला किंवा चार आठवड्यांतून एकदा, आणि इनहिबिटर असोत वा नसोत, ते काम करते. फॅक्टर ८ जी जोडणी करतो तीच ते वेगळ्या हाताने करते. त्यानंतर आणखी काही औषधे आली, जी गोठण्याला रोखणारे शरीरातील ब्रेक सैल करतात. म्हणजे आज ज्याला नियमित औषध मिळते त्याचे आयुष्य आमच्या पिढीच्या कल्पनेपलीकडचे आहे. अशा माणसाने काही आठवडे पांढऱ्या पेशी आणि बिंबिका गमावून, जंतुसंसर्गाचा, वंध्यत्वाचा आणि पुढे कर्करोगाचा धोका पत्करून मिळवायचे काय, तर सौम्य हिमोफिलिया? गुणसूत्रात कुठे जाऊन बसेल हे न सांगता येणारे जनुक लाखो मूळपेशींमध्ये सोडायचे, ही कल्पना मला पटत नाही. दोन हजारच्या सुमारास पॅरिस आणि लंडनमध्ये प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजाराच्या मुलांना असाच उपचार दिला होता. मुले बरी झाली आणि त्यातील काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला, हे विसरता येणार नाही.

प्रयोगवही

जुनीपाने काका, तुम्ही दिलेले उदाहरण बरोबर आहे आणि या क्षेत्रात काम करणारा कोणीही ते विसरत नाही. फक्त दोन गोष्टींची भर घालते.

त्या मुलांसाठी वापरलेला वाहक गॅमारेट्रोव्हायरस होता. तो जनुकांच्या सुरुवातीच्या भागाजवळ बसण्याकडे झुकतो आणि त्याच्या टोकांवर फार जोरकस नियंत्रक असत, ते शेजारच्या कर्करोगकारक जनुकाला जागे करत. आताच्या लेंटिव्हायरल वाहकांत ती टोके स्वतःच निकामी होतील अशी रचना असते. पण लेंटिव्हायरल म्हणजे निर्धोक, असेही मी म्हणणार नाही. मेंदूच्या एका दुर्मीळ आजारासाठीच्या स्कायसोना या लेंटिव्हायरल उपचारात ६७ मुलांपैकी ७ जणांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वाहकाच्या आत बसवलेला नियंत्रक विषाणूजन्य आणि सर्व प्रकारच्या पेशींत जोराने चालणारा होता. विशिष्ट पेशीकुळापुरताच जागा होणारा नियंत्रक तुलनेने सौम्य मानला जातो, आणि फॅक्टर ८ च्या या चाचणीत तसाच वापरला आहे. तरीही पाच माणसे आणि ८१ महिने एवढ्या अनुभवावर कर्करोगाच्या धोक्याबद्दल कोणतेही ठाम विधान करता येत नाही. म्हणूनच अशा रुग्णांचा पंधरा वर्षे पाठपुरावा करण्याची पद्धत आहे.

दुसरी गोष्ट, 'नियमित औषध मिळते त्याला' हे तुमचे शब्द. जगातील हिमोफिलियाच्या बहुसंख्य रुग्णांना ते तसे मिळत नाही, आणि या संशोधनामागचे एक कारण तेच आहे.

सहावे_बोट

पेशी वापरायच्या तर मूळपेशीच का, असा प्रश्न कोणाला पडला असेल म्हणून थोडा इतिहास लिहितो. हिमोफिलियावरील जनुकोपचाराची माणसांवरील पहिलीच चाचणी पेशींवर आधारित होती. १९९१ मध्ये शांघायमध्ये हिमोफिलिया बी असलेल्या दोन भावांच्या त्वचेतील पेशी काढून, त्यांत फॅक्टर ९ चे जनुक घालून त्या त्वचेखाली परत टोचल्या होत्या. पुढे २००१ मध्ये अमेरिकेतील एका गटाने हिमोफिलिया ए च्या सहा रुग्णांवरचे काम प्रसिद्ध केले. त्यांनी त्वचेतील पेशींमध्ये विद्युत झटक्याने, म्हणजे कोणताही विषाणू न वापरता, फॅक्टर ८ चे जनुक घातले आणि त्या पेशी दुर्बिणीतून पोटातील चरबीच्या पडद्यात सोडल्या. चौघांत पातळी थोडी वाढली, रक्तस्राव कमी झाले, पण काही महिन्यांत परिणाम ओसरला. केमो नाही, विषाणू नाही, हे त्याचे मोठेपण. पेशी टिकत नाहीत किंवा गप्प बसतात, ही त्याची अडचण.

त्यानंतरची कल्पना अशी की दुसऱ्याच माणसाच्या, जनुक घातलेल्या पेशी समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या मण्यांत बंद करून पोटात ठेवायच्या. मण्याच्या भिंतीतून फॅक्टर बाहेर येईल, पण प्रतिकारशक्तीच्या पेशी आत शिरणार नाहीत. सिजिलॉन या कंपनीने हिमोफिलिया ए साठी अशी चाचणी सुरू केली होती. तीन जणांना मणी दिल्यावर तिसऱ्याला इनहिबिटर निर्माण झाले आणि २०२१ मध्ये ती थांबवावी लागली. नंतर बाहेर काढलेल्या मण्यांभोवती तंतुमय आवरण चढलेले आढळले. शरीराने मणी परका ओळखून त्याला भिंत घातली होती आणि आतल्या पेशी गुदमरल्या होत्या.

सध्या मला सर्वांत आशादायक वाटते ते बी-पेशींचे काम. रुग्णाच्या बी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) काढून, क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने गुणसूत्रातील ठरावीक जागीच फॅक्टर ९ चे जनुक बसवून, त्यांना प्रतिपिंडे बनवणाऱ्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींचे रूप द्यायचे. त्या पेशी मुळातच दिवसरात्र प्रथिने बाहेर टाकण्याच्या कामाच्या असतात. यात मज्जा रिकामी करावी लागत नाही आणि गरज पडल्यास डोस पुन्हा देता येईल अशी अपेक्षा आहे. हिमोफिलिया बी साठी त्याची माणसांवरील चाचणी सुरू झाली आहे. उत्तररात्र, तुमचा आजार ए प्रकारचा असल्याने आज ती तुमच्या उपयोगाची नाही, पण केमोशिवायचा पेशीमार्ग अशक्य नाही एवढे त्यातून दिसते.

पैलतीर

सगळी चर्चा हिमोफिलियाभोवती चालली आहे, म्हणून थोडे वेगळे लिहिते. माझ्या बहिणीला ग्लान्झमनचा विकार आहे. तिच्या रक्तात फॅक्टर सगळे आहेत, बिंबिकांची संख्याही नेहमीची आहे, पण त्यांच्या पृष्ठभागावर एकमेकींना धरून ठेवणारा हात नाही. तिला वयात आल्यावर पहिल्याच पाळीत रुग्णालयात दाखल करावे लागले आणि नंतर किती वेळा केले त्याची मोजदाद आम्ही सोडली. बिंबिका चढवल्या की काही काळाने शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि मग चढवलेल्या बिंबिकाही चालत नाहीत.

या विकारात यकृतात जनुक पाठवून काहीही साधणार नाही, कारण दोष बिंबिकेच्या अंगावर आहे आणि बिंबिका मज्जेतच जन्मते. मूळपेशी हाच एक दरवाजा आहे. कुत्र्यांमध्ये असा उपचार करून रक्तस्राव कमी झाल्याचे संशोधन आहे. जुनीपाने काकांचे 'नाही' मला त्यांच्या जागी पूर्णपणे पटते. माझ्या बहिणीला विचारले तर ती केमोला उद्या तयार होईल.

जुनीपाने

पैलतीर, तुमच्या बहिणीच्या जागी माझे उत्तर वेगळे असते, हे मान्य करतो. आधीच्या प्रतिसादात मी सगळ्या रक्तस्रावी आजारांना एकाच मापाने मोजले, ते चुकले. हिमोफिलिया ए च्या बाबतीत, ज्याला एमिसिझुमॅब किंवा फॅक्टर नियमित मिळतो अशा माणसापुरते माझे मत कायम आहे.

ओंजळ

प्रयोगवही ताई, बिंबिकांमधल्या फॅक्टरबद्दलचे मी काल रात्री मुलाला त्याला कळेल अशा भाषेत सांगितले. त्याने विचारले की त्या बिंबिकांना कसे कळते कुठे लागले आहे. मी सांगितले की रक्तवाहिनीचे अस्तर फाटले की आतला खडबडीत थर उघडा पडतो आणि त्या तिथे अडकतात. तो म्हणाला, म्हणजे त्या घसरत नाहीत. त्याला सध्या एमिसिझुमॅब सुरू आहे आणि गेल्या वर्षभरात त्याचा एकही सांधा सुजलेला नाही. आम्ही थांबायचे ठरवले आहे. तो मोठा होईपर्यंत ही विद्या कुठवर पोहोचते ते पाहू आणि तेव्हा तो स्वतः विचारात सहभागी होऊ शकेल. घरात मात्र मी तो शब्द उच्चारला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या की भावाच्या वेळी असे कोणी समजावून सांगितले असते तर बरे झाले असते.

उत्तररात्र

सर्वांचे मनापासून आभार. या धाग्याने माझा प्रश्नच बदलला. केमो योग्य की अयोग्य असे मी विचारत होतो. आता वाटते की केमोच्या बदल्यात कोणाला काय मिळते हे पाहायला हवे. पैलतीर यांच्या बहिणीला जे मिळू शकते ते मला मिळणार नाही, आणि ओंजळ यांच्या मुलाजवळ जो वेळ आहे तो माझ्या घोट्याजवळ नाही. आखडलेला गुडघा कोणताही जनुकोपचार सरळ करणार नाही, ही गोष्टही मी इतकी वर्षे मनात स्पष्टपणे मांडली नव्हती. जे उरले आहे ते वाचवण्यापुरताच हा विचार आहे.

माझ्या डॉक्टरांशी पुढच्या भेटीत बोलायचे प्रश्न लिहून काढले आहेत. एमिसिझुमॅबवर बदलून पाहिले तर घोट्यातील रक्तस्राव थांबतील का, हा पहिला, कारण ते न करता पुढे जाणे जुनीपाने काकांच्या म्हणण्याप्रमाणे उलटे होईल. मज्जेसाठी कोणते औषध वापरणार, हा दुसरा. वेल्लोरच्या चाचणीत ट्रिओसल्फान आणि फ्लुडाराबिन वापरले होते आणि यांतील पहिले जुन्या बुसल्फानपेक्षा यकृताला कमी जाचक मानले जाते, असे वाचले आहे. केमोनंतर बिंबिका खाली जातील त्या दिवसांत फॅक्टरची पातळी किती राखणार, हा तिसरा, कारण त्या काळात माझ्याकडे ना बिंबिकांची गाठ असेल ना फॅक्टरची जाळी. पेशी रुजल्या नाहीत तर परत देण्यासाठी न बदललेल्या मूळपेशी आधीच राखून ठेवतात का, हा चौथा. आणि पातळी कोणत्या तपासणीने मोजणार, कारण जनुकोपचारानंतर वेगवेगळ्या पद्धतींनी वेगवेगळे आकडे येऊ शकतात.

आमचे लग्न होऊन तीन वर्षे झाली, अजून मूल नाही. केमोच्या आधी शुक्राणू गोठवून ठेवावे लागतील, हे पत्नीला परवा सांगितले. तिने शांतपणे विचारले की उपचारानंतर मुलीला हा दोष जाणार नाही ना. मी सांगितले की जाईल. बदल फक्त रक्ताच्या मूळपेशींत होतो, माझे एक्स गुणसूत्र जसे आहे तसेच पुढे जाते, त्यामुळे मुलगी झाली तर ती वाहक, म्हणजे सदोष जनुक बाळगणारी, असेलच, मुलगा झाला तर त्याला माझ्याकडून काही जाणार नाही. तिने त्या कागदावर स्वतःच्या अक्षरात सहावा प्रश्न लिहिला आहे: वाहक मुलींची फॅक्टर पातळी कितव्या वर्षी तपासतात?

प्रयोगवही

त्या सहाव्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता येईल. वाहक मुलींपैकी काहींची पातळी ४० टक्क्यांच्या खाली असते, म्हणजे त्यांना स्वतःलाच सौम्य हिमोफिलिया असतो, आणि तो बरेचदा पाळी सुरू झाल्यावर किंवा दात काढताना उघडकीस येतो. त्यामुळे पातळी लहानपणीच, कोणत्याही शस्त्रक्रियेच्या आधी आणि पाळी सुरू होण्याच्या आधी, पाहून ठेवावी. वाहक आहे की नाही हे ठरवणारी जनुकीय तपासणी हा वेगळा विषय आहे, तुमच्या मुलीच्या बाबतीत तर ते उत्तर आधीच ठाऊक असेल. पत्नीला सांगा, प्रश्न कागदावरच राहू द्या आणि डॉक्टरांनाही विचारा.